रिकाम्या पलंगाचा ठोका

१

पलंग रिकामा होता. चादर बदललेली, उशी थापटून ठेवलेली, आणि अंगाला लावायच्या वायरी मशीनच्या हुकाला गुंडाळून टांगलेल्या. मशीनच्या पडद्यावर हिरवी रेषा सरळसोट चालली होती. ते बरोबरच होतं, कारण वायरींच्या दुसऱ्या टोकाला कुणीच नव्हतं. सिस्टर पाठ फिरवणार, एवढ्यात त्या सपाट रेषेतून एक ठोका वर आला. एकच. मग रेषा पुन्हा सरळ.

सिस्टरचा अर्धा जन्म वॉर्डात गेलेला. तिनं आरडाओरडा केला नाही. रेषा पडद्याच्या कडेला जाऊन पुसली जाण्याआधी मोबाइलवर फोटो काढला आणि मोठ्या डॉक्टरांपुढे धरला. डॉक्टरांनी चष्मा कपाळावर नेऊन पाहिलं, खाली आणून पाहिलं, आणि मशीन बनवणाऱ्याला फोन लावला.

"आज तुमचं मशीन नसलेल्या माणसाचा ठोका दाखवतंय," ते म्हणाले. "उद्या एखाद्याचा ठोका थांबला आणि ह्यानं चालू दाखवला, तर मी काय करायचं? कारण सांगा, नाहीतर उद्या संध्याकाळी सगळी मशीनं उचलून न्या."

मशीन बनवणाऱ्याला सगळे भाऊ म्हणत. त्याच्या बहिणीला सगळे आत्या म्हणत, आणि तिचा तर तो सख्खाच भाऊ, पाठचा. त्यानं रात्रभर विचार केला आणि सकाळी बहिणीला फोन केला, कारण असल्या भानगडी सोडवणं हाच तिचा धंदा होता. एखादं यंत्र आणि त्याला चालवणारा संगणक यांच्यामध्ये दुभाष्याचं काम करणारा एक छोटा प्रोग्राम असतो, त्याला ड्रायव्हर म्हणतात. तो बिघडला की छपाईयंत्र कोरे कागद ओकतं आणि वजनकाटा हवेचं वजन सांगतो. असे वाया गेलेले ड्रायव्हर वळणावर आणण्यात आत्याचे केस पांढरे झाले होते. नव्या ओळखीत कुणी विचारलं की ती "ड्रायव्हर सुधारते" एवढंच सांगायची. मग लोक आदबीनं विचारायचे, "बसचे की ट्रकचे?"

"ये," भाऊ फोनवर म्हणाला. "चोर सापडलाय. फक्त त्यानं चोरी कशी केली तेवढं दाखवून दे."

"चोर? कोण?"

"चिमटी," तो म्हणाला.

आत्याने स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं. चिमटी म्हणजे भाऊची एकुलती एक लेक. काल संध्याकाळी ती पिशवी घेऊन आत्याच्या दारात उभी राहिली होती, आणि तेव्हापासून मूग गिळून बसली होती.

२

"तर हे कारण," आत्या समोर बसत म्हणाली. "मला वाटलं, कुठल्या मुलाचं प्रकरण असेल."

चिमटीला हसू आलं नाही. तिचे डोळे सुजले होते. लहानपणी ती बापाच्या टेबलाखाली बसून सांडलेले सुटे भाग बारीक बोटांनी टिपायची, तेव्हापासून तिचं हे नाव. पुढे ती बापाच्याच वर्कशॉपमध्ये कामाला लागली, आणि ह्या मशीनचा ड्रायव्हर पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत तिनं लिहिला.

"बाबांना माझ्या ड्रायव्हरमध्ये साठवून ठेवलेला एक ठोका सापडला," ती म्हणाली. "तो नमुना आहे, आत्या. टेबलावर चाचणी करताना समोर माणूस नसतो, मग पडदा नीट चालतोय का हे बघायला तो सोडायचा. वॉर्डातल्या मशीनमध्ये तो बंद असतो."

"आणि तुझा बाप काय म्हणतो?"

"वायर सैल झाली की रेषा तुटते आणि आपली लाज जाते, म्हणून मी तिथे नमुन्याचा ठोका चिकटवते. आजारी माणसांशी खोटेपणा करते." तिनं पिशवी मांडीवर ओढली. "विचारलं असतं तर सांगितलं असतं ना. त्यांनी विचारलंच नाही. ठरवून आले आणि सांगितलं. माझा पासवर्ड बंद केला. आज संध्याकाळी डॉक्टरांपुढे माझं नाव घेणार आहेत."

बापाने खोटारडी ठरवलेल्या मुलीला पुढे कुणी नोकरी देईल न देईल, तो प्रश्न वेगळा. पण ही मुलगी त्या घरात पुन्हा पाऊल टाकणार नाही, हे आत्याला स्पष्ट दिसत होतं. आणि भाऊ म्हणजे असा माणूस, की तोंडातून शब्द गेला तर त्याच्या मागे जाऊन तो परत आणणं त्याला जमायचं नाही.

"हे बघ, भाची म्हणून तुला सूट नाही," ती म्हणाली. "तू केलं असशील तर मी तेही सांगेन."

"सांग. मी नाही केलं." चिमटीनं पहिल्यांदा तिच्याकडे सरळ पाहिलं. "मी फार जपून लिहिलंय, आत्या. प्रत्येक गोष्टीला जागा राखून."

आत्याने चपला पायात सरकवल्या आणि ती निघाली. ते शेवटचं वाक्य तिच्या डोक्यात घोळत राहिलं, पण त्यात काही विशेष आहे असं तिला तेव्हा वाटलं नाही.

३

भाऊचं वर्कशॉप म्हणजे टापटिपीचा कहर. भिंतभर लोखंडी मांडणी, तिच्यावर कप्प्याकप्प्यांचे ट्रे, प्रत्येक कप्प्यावर चिठ्ठी. जी वस्तू वापरात नाही ती भाऊच्या राज्यात टिकत नसे. त्यानं एकदा भिंतीवरचं घड्याळ "सगळ्यांच्या मोबाइलमध्ये आहे की" म्हणून काढून टाकलं होतं, आणि तिथला खिळासुद्धा उपटून भोक बुजवलं होतं.

आत्या खिडकीजवळची खुर्ची ओढून बसायला गेली.

"तिथे नको," भाऊ पटकन म्हणाला. "चाक मोडलंय. पडशील."

ती दुसऱ्या खुर्चीवर बसली. समोर टेबलावर वॉर्डातल्यासारखंच एक मशीन होतं आणि त्याच्या बाजूच्या जाळीवर निळा लोकरी मोजा रबरबँडने घट्ट बांधला होता.

"ह्याला थंडी वाजते का?"

"भोंगा आहे तो," रंगारी म्हणाला. हा वर्कशॉपमधला तिसरा माणूस. पडद्यावरची रेषा, आकडे, रंग हे सगळं त्याचं खातं, म्हणून रंगारी. "वायर सुटली की मशीन बोंबलतं. आम्ही दिवसभर वायरी काढतो-घालतो, डोकं उठायचं. मग मीच मोजा घातला. आता कुजबुजतं फक्त."

आत्याने मान डोलावली आणि दोघांना धारेवर धरलं. रंगाऱ्यानं हात झटकले. "मला बफरमध्ये जे मिळतं ते मी काढतो, आत्या. छातीवरून आलेले आकडे मेमरीत एका राखलेल्या रांगेत येऊन पडतात, तो बफर. मी तिथून उचलतो आणि रेषा ओढतो. पदरचं एक टिंब घालत नाही."

"आणि तुझा सर्किट बोर्ड?" तिनं भावाला विचारलं.

"बोर्ड माझा आहे," भाऊ म्हणाला, जणू तेवढ्यात सगळं आलं. "दहा वेळा तपासलाय. ठोका साठवलेला आहे तो फक्त तिच्या ड्रायव्हरमध्ये. रिकाम्या पलंगावर ठोका आणखी कुठून येणार?"

बोलणं तर्काला धरून होतं. आत्याला तेच आवडलं नाही. भाऊचा आवाज तापलेला होता, पण लेकीचं नाव तो एकदाही घेत नव्हता. "ती", "तिचा", एवढंच.

मग तिनं मशीनला अर्धा दिवस छळलं. वायरी लावल्या, काढल्या, पुन्हा लावल्या. ड्रायव्हरमध्ये जागोजागी निरोप पेरले, म्हणजे कुठून काय जातंय ते कळावं. मशीन गुणी बाळासारखं वागलं. सपाट म्हणजे सपाट. एक ठोका हरामाचा उठला नाही.

"बघ, इथे करत नाही," भाऊ म्हणाला. "इथे माणसं बघतायत ना."

"मशीनला लाज नसते रे," आत्या म्हणाली. "इथे करत नाही, म्हणजे तिथे असं काहीतरी होतं जे इथे होत नाही. तो फोटो दाखव."

सिस्टरनं काढलेला फोटो रंगाऱ्यानं मोठा करून पडद्यावर लावला. आत्या नाक टेकेपर्यंत पुढे झुकली. ठोका दोन्ही कडांना कापल्यासारखा होता, जणू कुणी कात्रीनं पट्टी कापून सपाट रेषेवर डकवली होती. माणसाचा ठोका असा सुरू होत नाही आणि असा संपतही नाही.

"आता नमुन्याचा लाव. शेजारी."

दोन ठोके शेजारीशेजारी आले. नमुन्याचा ठोका एका सुळक्याचा, टोकदार. फोटोतला वर जाऊन दुभंगलेला. त्याला दोन शिंगं होती.

भाऊनं चष्मा काढून पुसला आणि पुन्हा लावला.

"हा चिमटीचा नमुना नाही," आत्या म्हणाली. "हा कुणाचातरी खराखुरा ठोका आहे. तो माणूस कोण, ते आधी शोधायला पाहिजे."

४

माणूस शोधायला फार वेळ लागला नाही. आत्या वॉर्डात पोचली, सिस्टरनं फोटोतली शिंगं पाहिली आणि कपाळावर हात मारला.

"अहो, हे तर आमचे टेलरकाका! दोन शिंगांचा ठोका वॉर्डात त्यांचा एकट्याचा. कालच सकाळी तोंडभर हसत घरी गेले. मला म्हणाले, सिस्टर, तुमच्या गणवेशाची बाही लांब झालीय, आणून द्या, फुकट आखूड करून देतो."

"गेले म्हणजे घरीच गेले ना?" आत्याने खात्री करून घेतली.

"घरीच हो! आज सकाळीच फोन आला होता."

आत्याच्या जिवात जीव आला. टेलरकाका त्याच पलंगावर होते, त्याच मशीनला जोडलेले. ते उठून घरी गेले, आणि त्यांचा एक ठोका मशीनमध्ये मागे राहिला. साठवलेला नव्हे, शिळा. आता तो कुठे लपला होता आणि बाहेर कसा आला, एवढाच प्रश्न होता.

"सिस्टर, मला टेलरकाका समजा," ती म्हणाली आणि त्या रिकाम्या पलंगावर आडवी झाली. "तुम्ही काल जे जे केलं ते सगळं करा. एक गोष्ट गाळू नका."

सिस्टरनं तिच्या मनगटांना वायरी लावल्या. पडद्यावर आत्याचा ठोका चालू झाला, जरा घाईतला. मग सिस्टरनं वायरी काढल्या. मशीननं लगेच भोंगा लावला. शेजारच्या पलंगावरच्या बाईंनी कानांवर हात ठेवले. सिस्टर बोलता बोलताच हात लांब करून एक बटण दाबून मोकळी झाली, आणि भोंगा थांबला. "मग मी चादर काढली," ती सांगत होती, "मग उशी..."

"थांबा. आत्ता काय केलंत?"

"चादर..."

"त्याच्या आधी."

"काही नाही. वायरी काढल्या."

"आणि बटण?"

"हां, ते होय." सिस्टरला स्वतःचंच आश्चर्य वाटलं. "ते गप्पचं बटण. वायर निघाली की हा ओरडणार, आणि आम्ही त्याला गप्प करणार. हाताला सवयच झालीय, मोजतं कोण?"

रेषा सपाट चालली होती. काही उठलं नाही. आत्याने हार मानली नाही. पुन्हा मनगटं पुढे केली. वायरी लावा, काढा, भोंगा, गप्प. पुन्हा. शेजारच्या बाईंचा संयम संपत आला. "अहो, त्यांना एकदाचं बरं करा नाहीतर घरी पाठवा," त्या म्हणाल्या.

आणि मग आला. सपाट रेषेत एक ठोका, कडा कापलेला, नेमका मघाशी आत्याचा उमटत होता तसा. वायरी हुकाला लटकत होत्या. आत्या पलंगावर दोन्ही हात पोटावर घेऊन बसली होती, आणि तिचा स्वतःचा ठोका तिला सोडून पडद्यावर फिरत होता. तिच्या अंगावर काटा आला. पण लगेच हसूही फुटलं.

"आता एकदा बटण न दाबता," ती म्हणाली.

त्यांनी मशीनला ओरडू दिलं. पुन्हा पुन्हा. वॉर्डातल्या यच्चयावत माणसांनी त्यांना शिव्या दिल्या, पण गप्प न केलेल्या मशीननं एकदाही भूत दाखवलं नाही. गप्प केलं, की कधी ना कधी ते येतच होतं.

आत्या पलंगावरून उतरली. वर्कशॉपमध्ये हे बटण कोण दाबतं, असं तिनं स्वतःलाच विचारलं. आणि तिला तो निळा मोजा आठवला.

५

"तू नाही आलीस तर मी कोणाला सांगू? भिंतीला?" असं म्हणून आत्याने चिमटीला वर्कशॉपमध्ये ओढत आणलं. चिमटी दाराशीच उभी राहिली. भाऊ खिडकीजवळच्या खुर्चीमागे, तिच्या पाठीवर दोन्ही हात ठेवून. बापलेकींनी एकमेकांकडे न बघण्याचं काम मन लावून चालवलं होतं. रंगारी मधल्यामध्ये अंग चोरून बसला होता. खिडकीतून तिरपं ऊन आत आलं होतं, आणि डॉक्टरांकडे जायची वेळ जवळ आली होती.

आत्याने रबरबँड काढला आणि मोजा टेबलावर टाकला.

"पहिला गुन्हेगार," ती म्हणाली. "ह्या मोज्यापायी इथे भोंगा ऐकूच येत नाही. ऐकू येत नाही म्हणून गप्पचं बटण कुणी दाबत नाही. वॉर्डात ते दिवसभर दाबतात. म्हणून भूत तिथे दिसतं, इथे दिसत नाही."

"पण गप्प करण्याचा आणि ठोक्याचा काय संबंध?" भाऊ म्हणाला. "बटण दाबलं की मेमरीत एक खूण बदलते, एवढंच. भोंगा चालू की बंद."

"आणि मशीन पुन्हा एकदा वायरी तपासून बघतं," चिमटी दारातून हळूच म्हणाली.

"बरोबर. ते लक्षात ठेव." आत्याने मांडणीवरून एकसारखे दोन ट्रे उतरवले. एक समोरच्या रिकाम्या फळीवर ठेवला, दुसरा टेबलावर. "ही फळी म्हणजे मेमरी. छातीवरून आलेले आकडे एक हमाल थेट फळीवर आणून टाकतो. प्रोसेसरला विचारत नाही, त्याचा वेळ खात नाही. चिमटीच्या ड्रायव्हरनं तो हमाल कामाला लावलाय. हे टेबल म्हणजे कॅश."

"पैसे?" रंगारी म्हणाला. त्याला गप्प बसणं जमत नसे.

"पैसे नव्हे. प्रोसेसरच्या हाताशी असलेली छोटी मेमरी. त्याला फळीपर्यंत जायचा कंटाळा. म्हणून फळीवरच्या ट्रेची हुबेहूब नक्कल तो टेबलावर मांडून घेतो. आणि त्याला एकच कप्पा हवा असला तरी नक्कल होते अख्ख्या ट्रेची. आता बघा."

तिनं फळीवरच्या ट्रेच्या कप्प्यांत लाल टोपणं टाकली. फक्त पहिला कप्पा सोडला. "लाल म्हणजे टेलरकाका. त्यांच्या वायरी निघाल्या, हमाल थांबला. त्यांचे शेवटचे आकडे फळीवर पडून आहेत. भोंगा वाजतो. सिस्टर बटण दाबते. प्रोसेसरला पहिल्या कप्प्यात गप्पची खूण ठेवायची आहे. तो काय करतो?"

"अख्ख्या ट्रेची नक्कल टेबलावर," रंगारी म्हणाला. आत्याने टेबलावरच्या ट्रेमध्ये लाल टोपणं भरली आणि पहिल्या कप्प्यात एक स्क्रू टाकला.

"खूण ठेवली. ट्रे टेबलावरच राहिला. इकडे मशीन पुन्हा वायरी तपासायला हमालाला पाठवतं. पलंगावर कुणी नाही." फळीवरची लाल टोपणं तिनं ओंजळीत काढून घेतली आणि त्यांच्या जागी पांढरी टाकली. "ताजे आकडे, सगळे सपाट. आणि आता प्रोसेसरला आठवतं, की आपण एक कप्पा बदलला होता, तो फळीवर पोचवायला हवा."

तिनं टेबलावरचा ट्रे उचलला, फळीवरच्या ट्रेवर नेऊन ठेवला आणि बाजूला झाली. पांढरं सगळं झाकलं गेलं. लाल वर आलं.

"ताज्यावर शिळं," चिमटी पुटपुटली. ती दार सोडून टेबलापर्यंत कधी आली, ते तिलाही कळलं नव्हतं.

"एक ट्रेभर. म्हणून कडा कापलेल्या. त्या ट्रेमध्ये बहुतेक वेळा दोन ठोक्यांमधली सपाट जागा सापडते, तेव्हा कुणाच्या लक्षात येत नाही. कधीतरी शिंगं सापडतात, आणि सिस्टरच्या पोटात गोळा येतो."

भाऊनं पुष्कळ वेळ त्या दोन ट्रेंकडे पाहिलं. समजायला त्याला वेळ लागला नव्हता. जे समजलं होतं ते त्याला बोलवत नव्हतं. "म्हणजे कुणी फसवलं नाही," तो अखेर म्हणाला.

"नाही. पण चूक कुणाचीतरी आहेच. चिमटे, गप्पची खूण आणि बफर एका ट्रेमध्ये बसवायला तुला कुणी सांगितलं?"

"एका ट्रेमध्ये?" चिमटी ताडकन म्हणाली. "मी काय नवशिकी आहे? सगळ्यांच्या सामायिक फाइलमध्ये खूण आहे, तिच्यानंतर एक ट्रेभर जागा मी मुद्दाम मोकळी सोडलीय, आणि मग बफर सुरू होतो. त्या जागेत काही ठेवायचं नाही, काही वाचायचं नाही. ती नुसती असली पाहिजे. मी तिला नावसुद्धा दिलंय. रिकामी."

"तशी जागा तिथे नाही," आत्या म्हणाली. "वॉर्डातून येताना मी फाइल उघडून बघितली. खूण, आणि तिला खेटून बफर."

चिमटीचा चेहरा उतरला. "होती. आत्या, शपथेवर सांगते, होती."

आत्या तिच्याकडे बघतच नव्हती. ती बघत होती भिंतीकडे, जिथे पूर्वी घड्याळ होतं आणि आता खिळ्याचं भोकसुद्धा नव्हतं.

"रिकामी," भाऊ म्हणाला. खुर्चीच्या पाठीवरची त्याची बोटं पांढरी पडली होती. "रिकामी नावाचं काहीतरी होतं. मशीनं वॉर्डात देण्याआधी मी फाइल आवरायला घेतली. ती जागा कुणी वापरत नव्हतं. नावही तसलंच. मला वाटलं, अडगळ आहे." तो चिमटीकडे वळला. "मी काढली ती."

६

रंगाऱ्यानं मोजा उचलून खिशात घातला. दुसरं काय करावं ते त्याला सुचलं नाही.

आत्याला भावाची कीव आली आणि रागही आला. तिच्या जिभेवर बरंच काही होतं. पण चिमटीच आधी बोलली.

"नाव मीच तसं ठेवलं, बाबा. कुणालाही अडगळच वाटेल."

"नाव काहीही असो," भाऊ म्हणाला. "मी विचारायला हवं होतं. दोन्ही वेळा."

एवढं बोलायला ह्या माणसाला किती जड गेलं असेल, ते आत्याला ठाऊक होतं. चिमटीलाही असावं. रंगाऱ्याला कोपरानं बाजूला सारून तिनं त्याचा कीबोर्ड ओढला, कारण तिचा पासवर्ड अजून बंद होता. उभ्या उभ्याच तिनं ती एक ओळ परत लिहिली. मग तिघांनी मिळून, भोंगा मोकळा ठेवून, गप्पचं बटण इतक्या वेळा दाबलं, की शेवटी भाऊच म्हणाला, "पुरे, झिजेल ते."

दिवस मावळायच्या आत ते वॉर्डात पोचले. भाऊनं डॉक्टरांना सगळं सांगितलं. खोटं काही घातलं नाही, स्वतःला वगळलं नाही. आणि लेकीचं नाव त्यानं घेतलं, ते "हिनं बरोबर लिहिलं होतं" एवढं म्हणायला. डॉक्टर ऐकत राहिले. मग त्यांनी स्वतःच्या मनगटांना वायरी लावून घेतल्या, काढल्या, आणि सिस्टरला खूण केली.

भोंगा. गप्प. रेषा सपाट.

पुन्हा. सपाट. पुन्हा. सपाट. डॉक्टर हट्टी होते, आणि त्या संध्याकाळी ते कुणालाच खटकलं नाही. रंगाऱ्यानं टाळी वाजवली आणि सिस्टरनं डोळे वटारल्यावर हात खिशात घातला. सपाट रेषा बघून माणसं इतकी खूश झालेली त्या वॉर्डानं आजवर पाहिली नव्हती.

"मशीनं राहू देत," डॉक्टर म्हणाले. "पण बाकीच्यांतही आजच दुरुस्ती झाली पाहिजे."

"झाल्याशिवाय जात नाही," चिमटी म्हणाली. शेजारच्या पलंगावरच्या बाई आत्याकडे निरखून बघत होत्या. "तुम्हाला सोडलं का घरी?" त्यांनी विचारलं. आत्या म्हणाली, "सोडलं. आता मुलीलाही सोडते."

दुसऱ्या दिवशी सकाळी आत्या सहज म्हणून वर्कशॉपमध्ये डोकावली. निदान तिनं तरी तसंच सांगितलं. चिमटी आली होती, पण कुठे बसावं ते न कळून पिशवी खांद्यावर घेऊन मधोमध उभी होती. भाऊ पाठमोरा होऊन ट्रे लावत होता, जे आधीच लावलेले होते.

"ती खुर्ची घे," आत्या खिडकीकडे बोट करत म्हणाली.

"माझीच आहे ती," चिमटी म्हणाली.

"हो का? तुझा बाप म्हणाला, चाक मोडलंय. मला बसू दिलं नाही. रंगाऱ्यालाही देत नाही."

चिमटीनं खुर्चीला एक धक्का दिला. खुर्ची गुळगुळीत फरशीवरून आवाज न करता सरकत गेली आणि टेबलाला टेकून थांबली. चाकं धडधाकट होती. जे वापरात नाही ते उचलून फेकणाऱ्या त्या माणसाच्या वर्कशॉपमध्ये ती दोन दिवस रिकामी उभी होती, आणि तिच्यावर धुळीचा कणही नव्हता.

ती बसली. भाऊनं न वळता सांगितलं की पासवर्ड चालू केलाय. तिनं फाइल उघडली आणि ती ओळ शोधली.

"बाबा," ती म्हणाली, "हिचं नाव बदलते. नाहीतर पुन्हा कुणीतरी आवरायला घेईल. काय ठेवू?"

भाऊच्या हातातला ट्रे हातातच राहिला. त्यानं पडद्याकडे पाहिलं, मग ती बसली होती त्या खुर्चीकडे.

"राखीव," तो म्हणाला. "राखीव लिही."